खोबणीत आधीच कुणीतरी होतं

शपथा घ्यायची मला सवय नाही. पण यातला एकही शब्द पदरचा नाही, एवढं सुरुवातीलाच सांगते.

हे माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत घडलं.

आणि रात्री नाही, भर दिवसा घडलं. मंगळवार होता. सकाळचे साडेदहा वाजलेले. बाहेर लख्ख ऊन, जिन्यात माणसांची ये-जा, कुणीतरी कुणाच्यातरी विनोदावर खो खो हसतंय... आणि तिसऱ्या मजल्यावरच्या थंड खोलीत वहिनी एकटी.

एकटी, असं तिला वाटत होतं.

आधी तिचं काम सांगते, नाहीतर काहीच कळायचं नाही. लग्न होऊन ती आमच्याकडे आली तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला विचारलं होतं, "सूनबाई काय करते?" आईनं ठोकून दिलं, "औषधं करते." दुसऱ्या दिवशी काकू खोकल्याची बाटली मागायला दारात हजर.

खरं काम असं. कॅन्सरच्या गाठीत एखादं प्रथिन बिघडतं आणि पेशींना सारखं 'वाढा, वाढा' म्हणत सुटतं. त्याला गप्प करायचं तर औषधाला त्याच्यावर कुठंतरी पाय रोवायला जागा हवी. खाच, खळगा, खोबण... काहीतरी. ती जागा नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून त्या प्रथिनाचे स्फटिक वाढवायचे. पाकात खडीसाखर धरते ना, तसे. त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे. मग कॉम्प्युटरवर एक निळी जाळी उमटते. जिथं काही आहे तिथं जाळी. जिथं काही नाही तिथं नुसता काळा पडदा.

वहिनीच्या वाट्याला आलेलं प्रथिन महाहट्टी होतं. कुठूनही बघा, गुळगुळीत. प्रयोगशाळेत त्याला सगळे 'गोटा' म्हणायचे. चार वर्षं ती त्या गोट्यावर डोकं आपटत होती. एकेक रसायन घ्यायचं, त्यात स्फटिक भिजवायचे, किरण सोडायचे, जाळी बघायची. काही चिकटलं? नाही. पुढचं.

दोनशे चौदाव्या रसायनाला गोटा उघडला.

वहिनी सांगते, आधी तिला वाटलं आपले डोळे थकलेत. गुळगुळीत भिंतीला एका बाजूला चक्क खोबण पडली होती. खोल, आत वळलेली. आणि खोबणीच्या तळाशी निळ्या जाळीचा एक गोळा... काहीतरी बसलं होतं तिथं.

सरांनी... म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी... टेबलावर थाप मारली. "सापडली! अगं, सापडली!" साठीचा माणूस, पण डोळ्यांत पाणी. त्यांच्या हाताखाली चार माणसांनी याच गोट्यापायी हात टेकले होते.

एकच जण गप्प होता. कॉम्प्युटर सांभाळणारा तिचा सहकारी. त्याला सगळे 'शंकासुर' म्हणायचे, कारण सूर्य उगवला तरी हा म्हणणार, कशावरून?

"गोळा मोठा आहे," शंकासुर म्हणाला. "आपलं रसायन एवढंसं. हे त्याच्या दुप्पट. कोरा स्फटिक बघितलास?"

कोरा म्हणजे त्याच खेपेतला, पण ज्यात काहीच भिजवलेलं नाही तो. तिनं बघितला नव्हता. गरज काय होती? कोऱ्यात खोबण नसणारच.

दोघांनी कोऱ्याचा नकाशा उघडला.

खोबण होती.

उघडी.

आणि आत तोच गोळा बसला होता... रसायन घालायच्या आधीपासून.

"घाण असेल," वहिनी म्हणाली. "साबण, तेल, काहीतरी राहून गेलं असेल."

"असेल," शंकासुर म्हणाला. त्यानं 'कशावरून' विचारलं नाही. याचंच तिला नवल वाटलं.

म्हणून मंगळवारी ती थंड खोलीत गेली. नवे कोरे स्फटिक काढायला, स्वच्छ, अगदी पहिल्यापासून.

माणूस आत उभा राहील असा मोठा फ्रिज, म्हणजे ती खोली. चार अंश तापमान. खिडकी नाही. छताला पंखा सतत घरघरत असतो. भिंतीला लोखंडी मांडण्या, त्यांवर प्लास्टिकच्या चपट्या ताटल्या, आणि ताटल्यांतल्या खळग्यांत थेंब. त्या थेंबांतच स्फटिक वाढतात. आत नळ नाही. बेसिन नाही. पाण्याचा टिपूसही नाही. हे लक्षात ठेवा.

दार लावलं आणि तिला पहिल्यांदा आला तो... वास.

थंडीत वास दबतो. मासळीसुद्धा बर्फात ठेवली की गप्प बसते. पण हा वास दबलेला नव्हता. किडलेल्या दाताखाली पू साचून फुटावा तसा. गोडसर, सडका, ओला. आणि त्यावर साबणाचा पातळ थर. कुणीतरी तो घासून घासून काढायला बघतंय, आणि तो जात नाहीये, असा.

तिनं तोंडावर बाही धरली. कुठली बाटली फुटली का बघितलं. काही फुटलेलं नव्हतं.

मग पंखा थांबला.

तो मधूनमधून थांबतो. दोन मिनिटं शांत होतो, पुन्हा सुरू होतो. नेहमीचंच. पण त्या शांततेत तिला ऐकू आलं...

खळ... खळ... खळ...

तिच्या पाठीमागून. कुणीतरी चूळ भरत होतं. गालांत पाणी घोळवत होतं. सावकाश. या गालातून त्या गालात.

थू.

वहिनी वळली. मागं मांडणी. तिच्यामागं भिंत.

खळ... खळ... खळ...

आता आवाज अगदी कानाशी. तिनं कानशिलावर हात मारला, डास मारतात तसा. हाताला काही लागलं नाही. पण मानेवर ओलं, कोमट असं काहीतरी उडालं.

पंखा सुरू झाला. आवाज बंद.

समोरच्या मांडणीवर पुसायच्या कागदांचा गठ्ठा असतो. त्यातला एक कागद बाहेर काढून ठेवलेला होता. नीट, चौपदरी घडी घातलेला. कडेला कड इतकी जुळलेली, की जणू इस्त्री फिरवलीय.

आमची वहिनी चिकित्सक. तिनं हातमोज्यानं घडी उलगडली.

मधोमध रुपयाएवढा डाग होता. पिवळा, कडेनं गुलाबी. अजून ओला. त्यातून बोटाला तार सुटली.

ती बाहेर आली आणि जिन्यातल्या बेसिनमध्ये भडभडून ओकली.

घरी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. पण जेवताना दादाच्या लक्षात आलं.

"काय झालं? घास फिरवतेस नुसता."

"तोंडाला चव नाही."

चव नव्हती असं नाही. चव होती. पहिला घास चावला आणि डाव्या गालाच्या आत काहीतरी मऊ, लिबलिबीत लागलं. जीभ लावली तर ते हललं. तिनं आरशात बघितलं, बोट घालून बघितलं. गाल साफ. पण जीभ नेली की ते तिथंच. सायीचा गोळा तोंडात विरघळायचा राहून जावा, तसं. आणि त्याची चव त्या वासासारखी.

आठवडाभर ती पातळ ताकावर राहिली. मी तेव्हा त्यांच्याकडे गेले होते. मला वाटलं, गोड बातमी आहे. तसं मी बोलूनही दाखवलं. वहिनीनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. नणंद असले म्हणून काय झालं, नजर कळते.

नवे स्फटिक आले. पाण्यापासून बाटल्यांपर्यंत सगळं नवं वापरलेलं.

खोबण उघडी. आत गोळा... आधीपेक्षा मोठा.

शंकासुरानं जगातली सगळी रसायनं त्या गोळ्यात बसवून बघितली. साबण, मीठ, तेल, साखर. एकही बसेना. दुसऱ्या यंत्रावर वजन करून बघितलं, तर यंत्र म्हणालं, प्रथिनाखेरीज यात काहीच नाही.

"काहीच नाही, आणि तरी आहे," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "तुला थंड खोलीत वास येतो का गं?"

"तुला येतो?"

"मी आता आत जात नाही."

सरांचं मत सरळ होतं. "प्रत्येक नकाशात असा एखादा अनोळखी गोळा असतो. पुसून टाक आणि पुढं चल. आपल्याला खोबण हवी होती, मिळाली."

वहिनीनं जुनी नोंदवही काढली. हा गोटा मुळात आला कुठून? जंतूंच्या पोटात तो तयार होत होता, पण त्याचा आराखडा कुठल्यातरी माणसाच्या गाठीतून घेतलेला असणार. नोंद होती. नाव नव्हतं, फक्त क्रमांक. स्त्री. वय त्रेपन्न. जबड्याचा कॅन्सर. शिल्लक तुकडा उणे ऐंशी अंशाच्या फ्रीझरमध्ये, तिसरा कप्पा.

जबडा हा शब्द वाचताना जीभ आपोआप डाव्या गालाकडे गेली.

गुरुवारी दुपारी ती त्या रुग्णालयात गेली. वॉर्डाच्या सिस्टरनं क्रमांक बघितला आणि कागद उलटा करून टेबलावर ठेवला. जाडजूड, पन्नाशी उलटलेली बाई. पायात मऊ चपला.

"कशाला विचारताय?" सिस्टर म्हणाल्या.

"त्यांच्या गाठीवर मी काम करते."

"अजून?" सिस्टरांचा चेहरा उतरला. "अजून आहे ती?"

मग त्यांनी वहिनीला औषधांच्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

ती बाई एका हॉटेलच्या धुलाईघरात इस्त्री करायची. तीस वर्षं चादरी. स्वच्छतेचं वेड म्हणावं इतकी नीटनेटकी. आणि नेमकी तिच्याच तोंडात ही गाठ. गालाला भोक पडलं. आतलं बाहेरून दिसायचं. वास इतका, की शेजारच्या खाटा रिकाम्या ठेवाव्या लागल्या. भेटायला येणारी भाची ती जाईपर्यंत दारातूनच हात करायची.

"दिवसातून चाळीस वेळा चुळा भरायची," सिस्टर म्हणाल्या. "तोंडाला फडकं धरायची, चौपदरी. एक पदर भिजला की दुसरा. मला म्हणायची, सिस्टर, हे जे माझ्या तोंडात आहे ना, ते माझं नाही. मला त्याची शिसारी येते. कापलं की जाळा. एक कण मागं ठेवू नका. वचन द्या."

"मग?"

"दिलं की वचन. द्यावंच लागतं." सिस्टर हातातली कात्री उघडत-मिटत होत्या. "संशोधनाला तुकडा द्यायचा का, या फॉर्मवर तिनं 'नाही' लिहिलं होतं. ठळक. खाली दोन रेघा. पण तो फॉर्म माझ्या हातात आला तोवर तुकडा गाडीत बसला होता. मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, राहू द्या, एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय. मी राहू दिलं."

वहिनीला सांगता येईना. एवढासा तुकडा? त्याचा आराखडा जंतूंत घालून चार वर्षं ती पिंपंच्या पिंपं भरत होती. त्या बाईला जे एक कणभर नको होतं, ते तिनं कोट्यवधी पटींनी वाढवलं होतं. जपलं होतं. थंड ठेवलं होतं. स्फटिक चांगले आले की ती टाळ्या वाजवायची.

तिला स्वतःच्या हातांची किळस आली.

जाताना सिस्टरनी तिला वॉर्डातून नेलं. शेवटच्या खाटेवर एक मुलगी होती. तिशीची असेल. शाळेत गणित शिकवायची. उशाशी तपासायच्या वह्या. तोंडावर रुमाल.

"हीच गाठ," सिस्टर हळूच म्हणाल्या. "हिच्यावर तुमचं औषध कधी येणार?"



शुक्रवारी ती सरांकडे गेली. सगळं सांगितलं. वास, चूळ, कागद. सर हसले नाहीत, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"काय करायचं म्हणतेस?"

"जाळून टाकू. सगळं. तिनं नाही म्हटलं होतं."

"आणि ती शिक्षिका? तिनं तर नाही म्हटलं नाहीये."

वहिनी टेबलावरच्या चष्म्याकडे बघत राहिली.

"चूक झाली," सर म्हणाले. "मोठी चूक झाली. माझी नाही, तुझी नाही, पण झाली. मी रुग्णालयाला पत्र लिहितो. पण ही खोबण दुसऱ्या कुणाच्या गोट्यात उघडेल की नाही, मला माहीत नाही. मेलेल्या बाईचा शब्द राखायला जिवंत बाया मरू द्यायच्या, हे मला नाही जमायचं. तुला जमतंय का बघ."

तिलाही जमेना. तीही काही संत नव्हे. चार वर्षं घातली होती.

शेवटी तिनं मधला रस्ता काढला. आराखडा राहील, स्फटिक राहतील. पण तो तुकडा, त्या बाईच्या तोंडातून निघालेला खराखुरा तुकडा, तो जळेल. सरांनी सही दिली.

सोमवारी दुपारी बारा वाजता तिनं फ्रीझर उघडला.

उणे ऐंशी अंश. उघडला की पांढरी वाफ पायांवर सांडते. जाड हातमोजे घालूनही थंडी बोटांना चावते. तिसरा कप्पा. डबा. डब्यात बोटाएवढ्या नळ्या, सगळ्यांवर हिमाचा थर.

एकीवर नव्हता.

ती नळी कोरडी होती. तिनं चिमट्यानं उचलली, हातात घेतली...

कोमट.

वहिनी सांगते, त्या क्षणी तिला ओरडता आलं नाही, कारण तोंड उघडायचीच भीती वाटली. नळी कोमट होती. तोंडातून नुकतंच काढलेलं काहीतरी असावं, तशी.

नोंदवहीत लिहिलं होतं, मटाराच्या दाण्याएवढा तुकडा. आता नळी टोपणापर्यंत भरलेली होती. आत फिकट गुलाबी, लिबलिबीत, सुरकुतलेलं काहीतरी काचेला चिकटलं होतं. गालाची आतली बाजू असते तसं. आणि ते... दबत होतं, सुटत होतं. दबत होतं, सुटत होतं.

खोलीत फ्रीझरची घरघर थांबली.

खळ... खळ... खळ...

यावेळी आवाज नळीतून येत होता.

टोपणाच्या कडेनं एक थेंब बाहेर आला. पिवळट, दाट. मोज्यावर ओघळला, मोज्यातून मनगटावर गेला. तिला तो पुसावासा वाटला. मग वाटलं, पुसलं तर पसरेल. तशीच, हात लांब धरून, ती जिना उतरली. शंकासुर गाडी काढून उभा होता. त्यानं नळीकडे बघितलं नाही. सगळ्या काचा खाली केल्या आणि रुग्णालय येईपर्यंत श्वास तोंडानं घेत राहिला.

रुग्णालयाच्या मागं जाळायची भट्टी. सिस्टर तिथं आधीच येऊन थांबल्या होत्या. ड्युटी संपली होती, तरी.

भट्टीवाल्यानं झडप उघडली. "एवढंसंच?" तो म्हणाला. "यासाठी तिघं?"



नळी आत टाकायच्या आधी वहिनी बोलली. मोठ्यानं. तिला लाज वाटली, पण बोलली. "बाई, तुमचं जे होतं ते हे. जाळतेय. तुमच्यासारखं जे आहे ते ठेवून घेतेय. रागवा पाहिजे तर. पण एका मुलीला बरं करायचंय."

झडप बंद झाली.

धूर आला नाही. सडका वास आला नाही. तिघांनाही आला तो एकच वास. गरम इस्त्री ओलसर कापडावर फिरवली की येतो तो. स्वच्छ, उबदार.

सिस्टर पदर तोंडाला लावून रडू लागल्या.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती लिहिलीच नसती.

पुढच्या आठवड्यात शंकासुरानं ताज्या कोऱ्या स्फटिकाचा नकाशा काढला. गोळा गेला होता. जाळी साफ.

आणि खोबणही गेली होती.

गोटा पुन्हा गुळगुळीत. जणू आतून कुणीतरी दार धरून उभं होतं, ते निघून गेलं आणि दार मिटलं. दोनशे चौदावं रसायन घालून बघितलं, उघडेना. त्या वेळी ते बसलं होतं, असं सगळे समजत होते. बसलेलं दुसरंच होतं.

पण उघड्या खोबणीचे जुने नकाशे होतेच. सरांची रसायनं करणारी माणसं त्या आकाराबरहुकूम एकेक रेणू घडवत बसली. दीड वर्षानं एक असा जमला, की त्यानं ती बंद भिंत स्वतः ढकलून उघडली आणि आत जाऊन घट्ट बसला. प्रसिद्ध झालेल्या चित्रात तो अनोळखी गोळा नाही. सरांनी पुसायला लावला. वहिनीनं पुसला.

गणिताची शिक्षिका तोवर थांबली नाही. ती त्याच वर्षी गेली.

औषध माणसांना द्यायला आणखी पाच वर्षं लागली. ज्यांना पहिल्यांदा दिलं त्यांत एक बसचालक बाई होती. चाळिशीची, उंचीपुरी, मोठ्या आवाजाची. जबड्याची गाठ. तीन महिन्यांत गाठ विरली. सहाव्या महिन्यात काही उरलंच नाही. सिस्टर निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांनीच फोन करून वहिनीला बोलावलं. "या बाईला तुम्हाला बघायचंय. याच, बरं का."

वहिनी आनंदानं गेली. नवी साडी नेसून गेली. इतक्या वर्षांत तिला वास आला नव्हता, आवाज आला नव्हता, गालात काही लागलं नव्हतं. सगळं सुरळीत होतं.

सकाळची वेळ. बाकावर ती बसचालक बाई वाट बघत होती. वहिनीला बघून उठली, दोन्ही हात हातात घेतले.

"ताई, तुमच्यामुळं मी पुन्हा जेवते. मोठ्यानं बोलते. परवा प्रवाशांशी भांडलेसुद्धा!" ती हसली. मग पोरीच्या उत्साहानं म्हणाली, "बघा ना, बघा. सगळं साफ!"

आणि तिनं आ केला.

निरोगी तोंड. गुलाबी, ओलं, स्वच्छ. कुठं व्रण नाही. वहिनीनं आयुष्यात बघितलेलं सगळ्यात सुंदर दृश्य असायला हवं होतं ते.

वहिनीला त्याची शिसारी आली.

इतकी किळस तिला नळी हातात धरली होती तेव्हाही आली नव्हती. अंगावर काटा, नाक मुरडलेलं, ओठ ताणलेले. तिनं हात झटकून सोडवून घेतले. दोन पावलं मागं सरली. थांबवायचा प्रयत्न केला, चेहरा सरळ करायचा प्रयत्न केला... चेहरा ऐकेना.

बसचालक बाईनं ते बघितलं.

तिनं काही विचारलं नाही. ज्यांच्या तोंडाकडे बघून लोक वर्षभर असे मागं सरकलेले असतात, त्यांना विचारावं लागत नाही. तिनं सावकाश तोंड मिटलं. मग त्यावर हात ठेवला. आणि तो तसाच ठेवून, मान खाली घालून, म्हणाली, "वास येतो का हो अजून?"

"नाही," वहिनी म्हणाली. "नाही हो. अजिबात नाही."

खरंच येत नव्हता.

पण त्या बाईनं हात काढला नाही.

वहिनीनं हे मला मागच्या महिन्यात सांगितलं. तिच्या स्वयंपाकघरात, दुपारी तीन वाजता, चहा गार होऊन गेला होता. मी म्हटलं, अगं, जुनी आठवण उसळली असेल, दुसरं काय.

"नाही गं," ती म्हणाली. "मला आनंद झाला होता. आतून खरंच झाला होता. ती किळस माझी नव्हती."

मी उठून गार चहा पुन्हा गॅसवर ठेवला.

"पण चेहरा तर माझाच होता ना. तिला दुसरं कुणी दिसलंच नाही."

पत्र लिहून तिनं त्या बाईची माफी मागितलीय. उत्तर आलेलं नाही.